पोशाखाचे वाचन : ब्रिटिश पोशाखी चित्रपटांचे संकेत आणि त्यांचे आकर्षण

१

'पोशाखी' हे विशेषण मराठीत क्वचितच गौरवाने वापरले जाते. एखाद्या कलाकृतीला पोशाखी म्हणताना तिच्यातील कपडेपट, दागदागिने आणि नेपथ्य यांनी आशयावर मात केली आहे, असे आपल्याला सुचवायचे असते. इंग्रजीतही या चित्रप्रकाराचे नाव वेशभूषेवरूनच पडले आहे आणि तेथेही त्या नावाला तुच्छतेचा तोच किंचित वास आहे. एकीकडे साहित्यकृतीचा गाभा आणि दुसरीकडे तिच्यावर चढवलेला पोशाख, अशी विभागणी या नावातच गृहीत धरलेली असते. गाभा तेवढा अर्थपूर्ण, पोशाख मात्र निव्वळ दृश्यसुख देणारा, हे त्यामागचे मूल्यविधान होय. प्रस्तुत लेखाचा रोख या विभागणीकडे आहे. ब्रिटिश पोशाखी चित्रपटांविषयी गेल्या चार दशकांत जो वाद झाला, त्यातील दोन्ही पक्षांनी ही विभागणी बऱ्याच अंशी मान्य केली आणि त्यामुळे पोशाखाचे वाचन करण्याचे काम मागे राहिले, असे येथे दाखवावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ चित्रपटसमीक्षेचा नाही. जेन ऑस्टिन, ई. एम. फॉर्स्टर किंवा काझुओ इशिगुरो यांच्या कादंबऱ्यांकडे आजचा वाचक अनेकदा पडद्यावरून येतो; आपल्याकडे इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणारे विद्यार्थीही याला अपवाद नाहीत. संहिता वाचण्यापूर्वीच तिचे घर, तिची बाग, तिच्या नायिकेचा चेहरा त्याच्या मनात स्थिर झालेला असतो. ही पूर्वप्रतिमा संहितेच्या वाचनाला कोणते वळण लावते, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

२

या चित्रप्रकाराचे संकेत आज आपल्याला इतके स्वाभाविक वाटतात, की ते ऐतिहासिक क्रमाने घडत गेले आहेत याचा विसर पडतो. अलेक्झांडर कोर्डा यांचा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) हा राजघराण्याची थट्टामस्करी करणारा चित्रपट होता. गेन्सबरो या संस्थेचे 'द मॅन इन ग्रे' (१९४३) आणि 'द विकेड लेडी' (१९४५) हे चित्रपट युद्धकाळातील प्रेक्षकांना, विशेषतः स्त्रियांना, आवडले. त्यांत ऐतिहासिक अचूकतेला फारसे स्थान नव्हते. वेशभूषा ही तेथे वासनेला आणि बंडखोरीला दिलेली मोकळीक होती. 'द विकेड लेडी'ची नायिका उमरावाची पत्नी असूनही रात्री वाटमारी करते. पोशाख म्हणजे संयम, हे समीकरण त्या काळी अस्तित्वात नव्हते.

ते समीकरण दूरचित्रवाणीने रुजवले. बीबीसीने १९६७ साली 'द फोरसाइट सागा' २६ भागांत सादर केली. १९७१ ते १९७५ या काळात 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' या मालिकेने एकाच घराच्या वरच्या मजल्यावरील धनी आणि तळघरातील नोकर अशी दुहेरी रचना लोकप्रिय केली. १९७१ मध्येच अमेरिकेतील सार्वजनिक वाहिनीवर 'मास्टरपीस थिएटर' सुरू झाले आणि ब्रिटिश पोशाखी मालिकांना एक परदेशी, सुशिक्षित आणि निष्ठावंत प्रेक्षक लाभला. तेव्हापासून हा चित्रप्रकार काही प्रमाणात निर्यातीसाठी घडत आला आहे. त्यात दिसणारे इंग्लंड हे इंग्रजांनी स्वतःकडे पाहिलेले इंग्लंड जेवढे आहे, तेवढेच इतरांना हवे असलेले इंग्लंडही आहे.

निर्णायक वर्ष मात्र १९८१ मानावे लागते. त्या वर्षी ग्रॅनडा टेलिव्हिजनने एव्हलिन वॉ यांच्या १९४५ च्या कादंबरीवरून 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' ही ११ भागांची मालिका प्रक्षेपित केली. यॉर्कशरमधील कॅसल हॉवर्ड हे घर या मालिकेचे खरे प्रमुख पात्र ठरले. वॉ यांची कादंबरी स्वतःच गतकातर आहे : सैन्याने ताब्यात घेतलेल्या घरात परतलेला चार्ल्स रायडर तिची कथा सांगतो. कादंबरीच्या नंतरच्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत वॉ यांनीच नमूद केले आहे, की ज्या घरांचा अंत जवळ आला असे समजून आपण शोक केला होता, ती घरे प्रत्यक्षात टिकून राहिली. मालिकेच्या यशाने या टिकण्याला नवे कारण पुरवले. जे घर कादंबरीत ऱ्हासाचे प्रतीक होते, ते पडद्यावर पर्यटनाचे स्थळ झाले.

३

१९८१ नंतरच्या चित्रपटांतून आणि मालिकांतून जे संकेत रूढ झाले, ते थोडक्यात पाहू. पहिला संकेत अर्थातच घराचा. पात्र चौकटीत येण्यापूर्वी घर दिसते; लांबून, किंचित खालून, हिरवळीच्या पलीकडे. पुष्कळदा पात्रे बाहेर गेल्यावरही कॅमेरा तेथेच रेंगाळतो. दुसरा संकेत साहित्यिक मूळाचा. चित्रपट आपण प्रतिष्ठित कादंबरीचे अपत्य आहोत हे लपवत नाही, उलट मिरवतो. तिसरा, अभिनयाचा. रंगभूमीवर तयार झालेले नट लहान-लहान भूमिकांतही दिसतात. त्यांच्या उच्चारांची शिस्त आणि हालचालींतील काटकसर हाच प्रेक्षकाच्या आनंदाचा एक भाग असतो. चौथा, संयमाचा. भावना व्यक्त होण्यापेक्षा ती अडवली जाणे हे नाट्याचे केंद्र असते. हातमोजा काढणे, पत्र उघडणे, घोडागाडीत चढताना दिलेला हात अशा क्षुल्लक कृतींना त्यामुळे प्रचंड वजन प्राप्त होते.

या चौथ्या संकेतातच या चित्रप्रकाराच्या आकर्षणाचे रहस्य आहे, असे म्हणता येईल. ज्या समाजात सर्व काही बोलता येते, तेथे न बोललेल्या शब्दाला अर्थ उरत नाही. पोशाखी चित्रपट प्रेक्षकाला अशा जगात नेतो, जेथे नियम सर्वांना ठाऊक आहेत आणि म्हणून नियमाचा सूक्ष्मतम भंगही घटना ठरतो. आधुनिक प्रेक्षकाला या नियमांचा जाच सोसावा लागत नाही. त्यांतून निर्माण होणारी अर्थाची दाटी मात्र त्याला मिळते. हा आनंद खोटा नाही, पण तो फुकटही नाही. त्याची किंमत कथेतील कोणीतरी मोजत असते. ती किंमत चित्रपट दाखवतो की झाकतो, यावर बरेच काही अवलंबून राहते.

४

या चित्रपटांवरील आक्षेप थॅचर-काळात आकाराला आले, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९८० आणि १९८३ या वर्षी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय वारशाविषयीचे कायदे झाले. पॅट्रिक राइट यांनी १९८५ मध्ये आणि रॉबर्ट ह्यूइसन यांनी १९८७ मध्ये आपापल्या ग्रंथांतून वारसा ही कल्पना कशी राजकीय आणि व्यापारी वस्तू बनते, याची चिकित्सा केली. त्याआधी १९८४ साली मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांनी 'द ज्युवेल इन द क्राउन' ही मालिका, डेव्हिड लीन यांचा 'अ पॅसेज टू इंडिया' आणि तत्सम कृतींवर कठोर टीका केली होती. साम्राज्याच्या या पुनर्दर्शनात भारतीय माणसे आपल्याच इतिहासात दुय्यम पात्रे होऊन बसतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

या सर्व चर्चेला चित्रपटाच्या रूपाशी जोडण्याचे काम ॲन्ड्र्यू हिग्सन यांच्या १९९३ च्या निबंधाने केले. त्यांचे प्रतिपादन असे : या चित्रपटांच्या कथा पुष्कळदा भूतकाळाची चिकित्सा करतात, वर्गभेद आणि दांभिकता यांवर बोट ठेवतात, परंतु दृश्यपातळीवरील वैभव ती चिकित्सा बोथट करते. कथेला आवश्यक असणारे अवकाश आणि वारशाचे प्रदर्शन करणारे अवकाश यांत दुसऱ्याचा विजय होतो. थोडक्यात, शब्द उपरोध करतात आणि प्रतिमा तो मागे घेते.

मर्चंट-आयव्हरी यांच्या 'अ रूम विथ अ व्ह्यू' (१९८५) या चित्रपटाने या प्रतिपादनाची परीक्षा घेता येते. फॉर्स्टरच्या कादंबरीतील सेसिल वाइज हा ल्यूसीकडे स्त्री म्हणून पाहतच नाही. ती त्याला एखाद्या चित्रासारखी दिसते. जिवंत माणसाला कलावस्तू समजण्याची ही वृत्ती कादंबरीच्या उपहासाचा विषय आहे. चित्रपटातही डॅनिएल डे-लुइस यांनी उभा केलेला सेसिल हास्यास्पद ठरतो. पण चित्रपटाचा कॅमेरा स्वतः कसा पाहतो? फ्लॉरेन्सचे चौक, सरेमधील हिरवळी, पांढरी वस्त्रे यांकडे तो सेसिलच्याच नजरेने, वस्तूंचा संग्रह केल्यासारखा पाहतो. ज्या दृष्टीची कथा थट्टा करते, तीच दृष्टी चित्रपटाने आपली मानली आहे. हिग्सन यांच्या प्रतिपादनाला याहून बोलका पुरावा शोधणे कठीण.

आणि तरीही याच चित्रपटात तळ्यातील अंघोळीचा प्रसंग आहे. ल्यूसीचा भाऊ, जॉर्ज आणि पाद्री बीब हे तिघे कपडे उतरवून पाण्यात मनसोक्त धुमाकूळ घालतात आणि नेमक्या त्याच वेळी स्त्रियांसह सेसिल तेथे येतो. पोशाखी चित्रपटात पोशाख उतरणे ही मोठी घटना ठरते, कारण तोवर पोशाखानेच सर्व अर्थ धारण केलेला असतो. हे दृश्य केवळ वारशाच्या प्रदर्शनात बसवता येत नाही. त्याच चमूचा 'मॉरिस' (१९८७) हा चित्रपट तर फॉर्स्टरने १९१३-१४ मध्ये लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या समलिंगी प्रेमकथेवर आधारलेला आहे. समलैंगिकतेच्या तथाकथित प्रचाराला स्थानिक प्रशासनांत बंदी घालणारे कलम २८ ब्रिटनमध्ये १९८८ साली संमत झाले. त्याच्या उंबरठ्यावर सुखान्त असलेली अशी कथा याच सभ्य, देखण्या रूपबंधातून सांगितली जाते, ही गोष्ट या रूपबंधाला सरसकट प्रतिगामी ठरवणाऱ्यांनी विचारात घ्यावयास हवी होती. रिचर्ड डायर आणि क्लेअर मंक यांनी पुढे १९९० च्या दशकात याच दिशेने आक्षेपकांचा प्रतिवाद केला : दडपलेली भावना म्हणजे भावनेचा अभाव नव्हे, आणि या चित्रपटांचा स्त्री व समलिंगी प्रेक्षक त्यांत काय पाहतो, हे न तपासता त्यांचा निकाल लावता येत नाही.

एक गोष्ट आणखी. 'सर्वांत इंग्रज' म्हणून गणल्या गेलेल्या या चित्रपटांचे कर्ते कोण होते? निर्माते इस्माइल मर्चंट मुंबईत जन्मले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकले. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी अमेरिकन. पटकथाकार रूथ प्रवर झाबवाला जर्मनीतील कोलोन येथे ज्यू कुटुंबात जन्मल्या, नाझी राजवटीमुळे इंग्लंडला आल्या आणि विवाहानंतर दीर्घकाळ दिल्लीत राहिल्या. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे आरंभीचे चित्रपट भारतात घडले. म्हणजे पडद्यावरील इंग्रजपण हा वारशाने मिळालेला गुण नसून शिकून घेता येणारी, बाहेरून न्याहाळून आत्मसात करता येणारी संकेतव्यवस्था आहे. हे तिघे तिच्या व्याकरणात पारंगत होते, याचे एक कारण ती त्यांची मातृभाषा नव्हती, हे असावे.

५

या संकेतव्यवस्थेची शक्ती आणि मर्यादा एकत्र पाहावयाची तर याच तिघांच्या 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९९३) या चित्रपटाइतके योग्य उदाहरण नाही. इशिगुरो यांची कादंबरी १९८९ ची. स्टीव्हन्स हा वृद्ध बटलर तिचा निवेदक आहे. आपण आयुष्यभर एका थोर माणसाची सेवा केली, असे तो आपल्याला आणि स्वतःला पटवत राहतो. त्याचे धनी लॉर्ड डार्लिंग्टन हे नाझी जर्मनीशी सलोखा साधण्याच्या नादात वाहवत गेले, हे वाचकाला निवेदकाच्या शब्दांआडून समजते. वडिलांच्या मृत्यूच्या रात्री स्टीव्हन्स पाहुण्यांची उठबस करत राहतो आणि तो रडत असावा हे आपल्याला त्याच्या निवेदनातून नव्हे, तर इतरांनी त्याला विचारलेल्या प्रश्नांवरून कळते. कादंबरीचा सारा परिणाम या फटीवर उभा आहे : निवेदक सांगतो ते आणि वाचक जाणतो ते, यांमधील फट.

कॅमेऱ्याला अशी फट सहजासहजी मिळत नाही. डार्लिंग्टन हॉल कादंबरीत स्टीव्हन्सच्या शब्दांपुरते अस्तित्वात आहे. पडद्यावर ते निःसंशय उभे आहे आणि सुंदर आहे. म्हणजे स्टीव्हन्सच्या श्रद्धेला चित्रपट नकळत दुजोराच देतो. येथवर हिग्सन यांचा आक्षेप खरा ठरतो. परंतु चित्रपटाने गमावलेल्या या फटीच्या जागी दुसरी एक गोष्ट मिळवली आहे : श्रम. चांदीची भांडी, जिने, टेबले, आरसे हे सर्व कोणीतरी सतत घासत, पुसत, मांडत असल्याशिवाय तसे दिसत नाही, हे येथे वारंवार दिसते. स्टीव्हन्सचे म्हातारे वडील तबक घेऊन येताना बागेत कोसळतात, तेव्हा त्या देखाव्याचा आधारच क्षणभर कोसळतो. वारशाचे अवकाश आणि कथेचे अवकाश येथे वेगळे राहत नाहीत, कारण ते अवकाश झळाळते ठेवणे हेच पात्रांचे आयुष्य आहे.

रात्री दिवाणखान्यात एक पाहुणा स्टीव्हन्सला अर्थकारण आणि परराष्ट्रनीती यांवर प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तरे देता येत नाहीत, हे दाखवून सामान्य माणसाला मताधिकार देणे कसे मूर्खपणाचे आहे ते सिद्ध करतो. कोणाचाही आवाज चढत नाही. प्रकाश मंद आहे, पेये उंची आहेत, भाषा निर्दोष आहे. सभ्यतेचे सर्व संकेत तंतोतंत पाळून एका माणसाची मानहानी केली जाते आणि तो माणूस ते संकेत पाळूनच ती स्वीकारतो. दोन ज्यू मोलकरणींना केवळ ज्यू असल्यामुळे कामावरून काढण्याचा प्रसंगही असाच, सौम्य स्वरात पार पडतो. या ठिकाणी देखणेपणा उपरोधाला बोथट करत नाही. तोच उपरोधाचा विषय होतो.

शेवटी नव्या अमेरिकन मालकाच्या काळात एक कबुतर घरात शिरते. त्याला बाहेर सोडले जाते, स्टीव्हन्स खिडकी लावून घेतो आणि कॅमेरा घरापासून उंच, दूर जातो. हे दृश्य कादंबरीत नाही. तेथे शेवट समुद्रकाठच्या धक्क्यावर, एका अनोळखी माणसाशी झालेल्या बोलण्यात होतो. प्रतीक थोडे ठळक झाले आहे, हे मान्य. तरी चित्रप्रकाराच्या पहिल्याच संकेताचा, म्हणजे लांबून दिसणाऱ्या घराचा, अर्थ येथे उलटा झाला आहे. ज्या कोनातून प्रेक्षकाला घराचा मोह पडावा, त्याच कोनातून ते पिंजरा म्हणून दिसते.

चित्रपटाने एक मौन मात्र हरवले. कादंबरीतील प्रवास जुलै १९५६ मधला, म्हणजे सुवेझ पेचप्रसंगाच्या तोंडावरचा आहे. सुवेझचा उल्लेख स्टीव्हन्स कोठेही करत नाही. पण साम्राज्याच्या अस्ताची ती तारीख जाणत्या वाचकाला पुरेशी बोलकी वाटते. चित्रपटाने हा प्रवास १९५८ मध्ये नेला आणि तो संदर्भ विरला. योगायोग असा, की घराच्या बाह्यदृश्यांसाठी ज्या डिरहॅम पार्कचा उपयोग झाला, ते घर सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम ब्लॅथवेट या अधिकाऱ्याने बांधले आणि तो अमेरिका व वेस्ट इंडीजमधील वसाहतींच्या कारभाराशी संबंधित होता. नॅशनल ट्रस्टने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा वसाहतवाद आणि गुलामगिरी यांच्याशी असलेला संबंध प्रसिद्ध केला, त्यांत हे घर आहे. चित्रपटाने कथेतून साम्राज्य वगळले, तरी ते दगडांतून चौकटीत आलेच.

६

दगडाविषयी जे खरे, ते कापडाविषयी अधिकच खरे आहे. ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवरील चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांत भरतो तो नायिकांचा पांढरा, तलम, उंच कमरेचा झगा आणि खांद्यावरची शाल. या दोन्ही वस्तूंना इतिहास आहे आणि ऑस्टिनला तो ठाऊक होता. 'नॉर्दॅन्गर ॲबी'मध्ये हेन्री टिल्नी आपण बहिणीसाठी अस्सल हिंदुस्थानी मलमल स्वस्तात आणल्याची फुशारकी मारतो. 'मॅन्सफिल्ड पार्क'मधील लेडी बर्ट्रमला फॅनीच्या भावाने पूर्वेकडे जावे असे वाटते, कारण तिला शाल हवी आहे, किंबहुना दोन शाली. ऑस्टिन एका वाक्यात साम्राज्याला घरातल्या सोफ्यावर आणून बसवते. बंगालची मलमल आणि काश्मीरची शाल यांची नक्कल करण्याचा उद्योग याच काळात ब्रिटनमध्ये वाढत होता. आपण जिला कोयरी म्हणतो, ती नक्षी स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावी विणल्या जाणाऱ्या नकली शालींमुळे इंग्रजीत त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 'प्राइड अँड प्रेजुडिस' प्रसिद्ध झाली ते १८१३ हेच वर्ष ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाचे आणि हिंदुस्थानशी व्यापार करण्याची तिची मक्तेदारी संपल्याचे वर्ष आहे. ऑस्टिन १८१७ साली मरण पावली. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली.

याचा अर्थ प्रत्येक चित्रपटाने नायिकेच्या शालीवर व्याख्यान द्यावे, असा नाही. पॅट्रिशिया रोझेमा यांच्या 'मॅन्सफिल्ड पार्क' (१९९९) या चित्रपटाने जवळजवळ तेच केले. एडवर्ड सईद यांनी १९९३ मध्ये या कादंबरीतील ॲन्टिगाच्या उल्लेखांकडे लक्ष वेधले होते. कादंबरीत फॅनी गुलामांच्या व्यापाराविषयी प्रश्न विचारते आणि उत्तरादाखल शांतता पसरते, एवढेच घडते. रोझेमा यांनी फॅनीच्या हाती गुलामांच्या छळाची रेखाटने दिली. हेतू निर्विवाद असला तरी त्यामुळे घराचे मौन हा जो खरा पुरावा होता, तोच नष्ट झाला. मौन ऐकू येण्याइतकी शांतता चित्रपटाने राखावी लागते.

बीबीसीची सहा भागांची 'प्राइड अँड प्रेजुडिस' (१९९५) मालिका उलट टोकाचे उदाहरण होय. कादंबरीचे सुप्रसिद्ध पहिले वाक्य निवेदकाचे आहे आणि त्यातील उपरोध कोणा एका पात्राचा नसून साऱ्या समाजावर पसरलेला आहे. मालिकेत ते एलिझाबेथच्या तोंडी येते. उपरोधाचे रूपांतर तिच्या विनोदबुद्धीत होते. पेम्बर्ली पाहिल्यावर आपले मन बदलले, असे एलिझाबेथ कादंबरीत गमतीने म्हणते, म्हणजे घराच्या मोहाची थट्टा संहितेतच केलेली आहे. लाइम पार्कच्या दर्शनी बाजूवर स्थिरावणारा कॅमेरा ती थट्टा गांभीर्याने घेतो. पण कादंबरीत नसलेला, तळ्यात उडी घेऊन भिजल्या सदऱ्याने चालत येणाऱ्या डार्सीचा प्रसंग हा निव्वळ विपर्यास नव्हे. पाहणारी स्त्री आणि पाहिला जाणारा पुरुष अशी नजरेची दिशा बदलण्याचे धैर्य त्यात आहे आणि या मालिकेच्या स्त्री-प्रेक्षकांनी ते अचूक ओळखले. त्याच वर्षीच्या रॉजर मिशेल दिग्दर्शित 'पर्स्वेजन'मध्ये तर वस्त्रे वापरून मळलेली, चेहरे रंगरंगोटीविना आणि खोल्या मेणबत्तीच्या उजेडापुरत्या दिसतात. अचूकतेचा संकेत सौंदर्याच्या विरोधातही वापरता येतो, हे तेथे सिद्ध होते.

अलीकडची दोन उदाहरणे या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत. ज्यूलियन फेलोज यांनी 'गॉसफर्ड पार्क' (२००१) लिहिला तेव्हा रॉबर्ट ऑल्टमन यांच्या दिग्दर्शनाने नोकरांची नजर हाच चित्रपटाचा दृष्टिकोण केला. पाहुण्यांच्या नोकरांना तळघरात त्यांच्या धन्यांच्याच नावाने हाक मारली जाते, हा तपशील माणसाचे नाव पुसणाऱ्या व्यवस्थेचे सार सांगतो. त्याच लेखकाच्या 'डाउन्टन ॲबी' (२०१०-२०१५) या मालिकेत मात्र धनी कनवाळू आहेत, नोकर कृतज्ञ आहेत आणि वर्गसंघर्षाचे रूपांतर स्वभावभेदात झाले आहे. लेखक एक, काळ जवळपास तोच, संकेतही तेच. फरक किंमत दाखवण्यात आहे. 'ब्रिजर्टन' (२०२०) या मालिकेने अचूकतेचा संकेतच सोडून दिला आणि वर्णाची अट काढून टाकली. एका अर्थी हे गेन्सबरोच्या मुक्त वेशभूषेकडे परतणे आहे आणि त्यातील आनंद नाकारण्याचे कारण नाही. २०२२ च्या दुसऱ्या पर्वात हिंदुस्थानातून आलेल्या शर्मा भगिनी लंडनच्या उच्चवर्गीय समाजात वावरतात, हळदीचा विधीही होतो. १८१८ या वर्षाचा अर्थ जाणणाऱ्या मराठी प्रेक्षकाला मात्र एक प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही : या हिंदुस्थानावर कंपनीची छाया कोठेच कशी नाही? पूर्वीच्या चित्रपटांनी आपल्याला चौकटीबाहेर ठेवले होते. येथे आपल्याला चौकटीत घेऊन इतिहासाला बाहेर ठेवले आहे.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पोशाखी चित्रपटाचे आकर्षण गतकातरतेत संपत नाही. नियमबद्ध जगातील अर्थाची दाटी, अडवलेली भावना आणि वस्तूंची सघन उपस्थिती हे त्याचे खरे घटक आहेत. हे घटक स्वतः पुरोगामीही नाहीत आणि प्रतिगामीही नाहीत. हिग्सन यांनी दाखवलेला धोका वास्तव आहे. 'अ रूम विथ अ व्ह्यू'चा कॅमेरा सेसिलसारखा पाहतो, हे नाकारता येत नाही. परंतु त्यावर उपाय म्हणून समीक्षकाने पडद्यावरील पृष्ठभागाकडे पाठ फिरवून शब्दांकडे वळावे, हे योग्य नव्हे. तसे करणे म्हणजे पोशाखाला अर्थ नसतो, हे वारसा-व्यवसायाचेच गृहीतक मान्य करणे होय.

घर कोणाच्या पैशाने उभे राहिले, ते कोणाच्या श्रमाने झळाळते आणि खांद्यावरची शाल कोठून आली, हे प्रश्न कथेबाहेरचे नाहीत. ऑस्टिनने ते आपल्या वाक्यांत सोडून ठेवले आहेत; चित्रपटाचा वेशभूषाकार अचूकतेच्या हव्यासापोटी ते पुन्हा पडद्यावर आणून ठेवतो, अनेकदा दिग्दर्शकाच्याही नकळत. पेशवाईचे वाडे आणि पैठण्या यांवर कॅमेरा रेंगाळू लागला की आपल्याकडेही हेच प्रश्न विचारावे लागतील. मराठी अभ्यासकाला ब्रिटिश पोशाखी चित्रपटांपुढे संकोचाने किंवा रागाने उभे राहण्याची गरज नाही. नायिकेच्या शालीवरील कोयरी त्याला ओळखू येते. त्या ओळखीपासून त्याच्या वाचनाचा आरंभ होऊ शकतो.